रॅडिकल आणि अमिनो आम्लाची टीएस निसटते, बॅरिअर उणे येतो, वेग जुळत नाही: आधी काय तपासायचं

तक्रार बहुधा अशी येते. ग्लायसीन किंवा ॲलॅनीन घेतलं, शेजारी हायड्रॉक्सिल रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेला ओएच) ठेवला आणि अल्फा कार्बनवरचा, म्हणजे अमिनो व कार्बोक्झिल गटांच्या मधल्या कार्बनवरचा, हायड्रोजन तो कसा काढून नेतो, हे गणिताने पाहायचं ठरवलं. ट्रान्झिशन स्टेट, म्हणजे अभिक्रियेच्या वाटेवरचा ऊर्जेचा माथा, आपली नेहमीची टीएस, शोधायला काम लावलं. काम संपल्यावर पाहावं तर रॅडिकल जागेवरून घसरून कार्बोक्झिल गटाच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने चिकटलेला. दुसऱ्या कुणाला टीएस मिळते, पण तिची ऊर्जा सुट्या रेणूंच्या ऊर्जेपेक्षाही खाली, म्हणजे बॅरिअर (चढायची ऊर्जा) उणे. तिसऱ्याचं सगळं सुरळीत पार पडतं आणि शेवटी वेग स्थिरांक प्रयोगातल्या आकड्याच्या हजारपट निघतो.

या तिन्ही तक्रारींवर पहिला इलाज म्हणून लोक ऑप्टिमायझेशनचे, म्हणजे भूमिती (अणूंची मांडणी) सुधारत नेणाऱ्या गणनेचे, कीवर्ड बदलत बसतात. पावलाची लांबी कमी करा, हेसियन (ऊर्जेच्या वक्रतेचा तक्ता) पुन्हा काढा, दुसरा अल्गोरिदम लावा. त्याने कधीकधी काम होतंही. पण या अभिक्रियांमध्ये दोष बहुतेक वेळा भूमितीच्या आधीच्या पायरीवर असतो: आपण घेतलेला रेणू पाण्यात असतो तसा आहे का, आणि त्यातला एकटा इलेक्ट्रॉन योग्य ऑर्बिटलमध्ये बसला आहे का. हे दोन प्रश्न सुटेपर्यंत भूमितीला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

गाठायचा आकडा आधी समोर ठेवा

पल्स रेडिओलिसिसने, म्हणजे किरणांच्या क्षणिक झोताने पाण्यात रॅडिकल बनवून, मोजलेले वेग स्थिरांक अनेक दशकांपासून उपलब्ध आहेत. तटस्थ पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकलसाठी ते साधारण असे आहेत (एकक सगळीकडे लिटर प्रति मोल प्रति सेकंद): ग्लायसीन १.७ × १०⁷, ॲलॅनीन ७.७ × १०⁷, ल्युसीन १.७ × १०⁹, फेनिलॲलॅनीन ६.५ × १०⁹, मेथायोनीन ८.३ × १०⁹, टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन १.३ × १०¹⁰. सिस्टाईनही १०¹⁰ च्या वरच आहे.

या यादीतून दोन गोष्टी निघतात. वेग आणि बॅरिअर यांना जोडणाऱ्या आयरिंगच्या समीकरणात २९८ केल्विनला पुढचा गुणक ६.२१ × १०¹² प्रति सेकंद असतो. तो धरून उलटं गणित केलं की ग्लायसीनची सक्रियण मुक्त ऊर्जा साधारण ७.६ किलोकॅलरी प्रति मोल येते, ॲलॅनीनची ६.७ आणि ल्युसीनची ४.९. आपल्याला गाठायचे आकडे हे. दुसरी गोष्ट अशी की सिस्टाईन, टायरोसीन, ट्रिप्टोफॅन यांचे वेग विसरणाच्या (डिफ्यूजनच्या) मर्यादेला टेकलेले आहेत. रॅडिकल भेटला की अभिक्रिया झालीच. त्यामुळे तिथे तुमचा बॅरिअर २ आला काय आणि उणे ३ आला काय, अंतिम वेग तोच दिसेल. पद्धत बरोबर आहे की नाही हे तपासायला ही तीन अमिनो आम्लं निरुपयोगी आहेत. कसोटी घ्यायची ती ग्लायसीन आणि ॲलॅनीनवर. मंद अभिक्रियेतच पद्धतीची परीक्षा होते.

घेतलेलं ग्लायसीन कुठलं?

पाण्यात, सामान्य पीएचला ग्लायसीन झ्विटरआयन असतं: एका टोकाला एनएच३ धन, दुसऱ्या टोकाला सीओओ ऋण. वायुरूपात मात्र हा झ्विटरआयन टिकत नाही. द्रावकाशिवाय ऑप्टिमायझेशन लावलं की नायट्रोजनवरचा प्रोटॉन आपोआप कार्बोक्झिलेटकडे उडी मारतो आणि तुमच्या हाती तटस्थ रेणू राहतो. काम यशस्वीपणे संपतं, कुठलीही सूचना येत नाही, आणि पुढचं सगळं गणित भलत्याच रेणूवर चालतं.

हा फरक बारीकसारीक नाही. तटस्थ ग्लायसीनमध्ये नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉन जोडी मोकळी असते. अल्फा कार्बनवर रॅडिकल तयार झाला की एका बाजूने ती जोडी त्याला इलेक्ट्रॉन देते आणि दुसऱ्या बाजूने कार्बोनिल गट ते ओढून घेतो. या दुहेरी आधाराला कॅप्टोडेटिव्ह स्थिरीकरण म्हणतात. झ्विटरआयनमध्ये ती जोडी प्रोटॉनने अडवलेली असते, त्यामुळे आधाराची एक बाजूच नाहीशी होते. शिवाय हायड्रॉक्सिल रॅडिकल इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो आणि धन भाराच्या शेजारचा सी–एच बंध त्याला नकोसा असतो. म्हणूनच ग्लायसीनचा वेग इतका कमी आहे. द्रावण अल्कधर्मी करून तोच नायट्रोजन प्रोटॉनमुक्त केला की वेग शंभरपटीच्या घरात वाढतो, आणि तिथे हल्ला नायट्रोजनवरही होतो. तेव्हा तुमचा वेग स्थिरांक प्रयोगाच्या शंभरपट किंवा हजारपट येत असेल, तर फंक्शनलला (इलेक्ट्रॉन घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या सूत्राला) दोष देण्याआधी शेवटच्या भूमितीत नायट्रोजनवर किती हायड्रोजन आहेत ते मोजा.

उपाय सरळ आहे. झ्विटरआयनचं ऑप्टिमायझेशन पहिल्या पायरीपासून द्रावकात करायचं. एसएमडी किंवा तत्सम सतत माध्यमाचं प्रारूप, ज्यात पाणी सुट्या रेणूंऐवजी सलग माध्यम धरलं जातं, ते चालेल. वायुरूपात भूमिती काढायची आणि नंतर द्रावकात फक्त एकदा ऊर्जा मोजायची, ही जुनी काटकसर इथे चालत नाही. कार्बोक्झिलेटवर ऋण भार असल्याने बेसिस सेटमध्ये (ऑर्बिटल रचायच्या फलनांच्या संचात) डिफ्यूज, म्हणजे दूरवर पसरलेली, फलनं हवीतच. ६-३१+जी(डी,पी) ही किमान पातळी, ६-३११++जी(डी,पी) बरी.

याच भागात आणखी एक गफलत होते. लांब बाजूसाखळी असलेल्या अमिनो आम्लात, म्हणजे व्हॅलीन, ल्युसीन यांत, झ्विटरआयनचा अल्फा हायड्रोजन हे रॅडिकलचं आवडतं ठिकाण नसतं. धन भारापासून लांबचे, विशेषतः तृतीयक कार्बनवरचे हायड्रोजन त्याला जास्त सोपे जातात. ल्युसीनचा वेग ग्लायसीनच्या शंभरपट आहे तो यामुळेच. फक्त अल्फा मार्गाची टीएस काढून एकूण वेगाशी तुलना केली तर ती जुळणार नाही, आणि तशी ती जुळूही नये. सगळ्या जागांचे वेग काढून त्यांची बेरीज करावी लागते.

आणि प्रश्न मुळात प्रथिनांबद्दलचा असेल, तर सुटं अमिनो आम्ल घेऊच नका. प्रथिनाच्या साखळीत, टोकं सोडली तर, अल्फा कार्बनशेजारी ना एनएच३ धन असतो ना सीओओ ऋण. दोन्ही बाजूंना पेप्टाइड बंध असतात आणि कॅप्टोडेटिव्ह आधार परत येतो. एका टोकाला ॲसिटिल आणि दुसऱ्या टोकाला मिथिलअमाइड लावलेलं प्रारूप वापरा. सुट्या ग्लायसीनचे निष्कर्ष प्रथिनाला चिकटवलेले पाहिले की वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते आणि ती चुकीच्या रेणूवर खर्च झालेली असते.

एकटा इलेक्ट्रॉन कुठे बसलाय?

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

हायड्रॉक्सिल रॅडिकलमध्ये ऑक्सिजनवर दोन पाय (π) ऑर्बिटल असतात, सारख्याच ऊर्जेचे आणि एकमेकांना काटकोनात. त्यांत मिळून तीन इलेक्ट्रॉन. म्हणजे एक ऑर्बिटल भरलेलं आणि दुसऱ्यात एकटा इलेक्ट्रॉन. सुट्या रॅडिकलला कुठलं भरलं याने फरक पडत नाही. अमिनो आम्लाजवळ आला की मात्र फार फरक पडतो. हायड्रोजन काढून न्यायचा तर एकट्या इलेक्ट्रॉनचं ऑर्बिटल सी–एच बंधाच्या रोखाने असायला हवं. एससीएफची, म्हणजे ऑर्बिटल पुन्हापुन्हा सुधारत नेणाऱ्या गणनेची, सुरुवात उलटी झाली, म्हणजे बंधाच्या रोखाने भरलेली जोडी आली आणि एकटा इलेक्ट्रॉन आडवा बसला, तर दोन भरलेली ऑर्बिटल समोरासमोर येतात. तो पृष्ठभाग ढकलून लावणारा आहे. त्यावर टीएस नाहीच. अल्गोरिदम कितीही हुशार असला तरी तो रॅडिकलला दूर सारणार, आणि दूर सारलेला रॅडिकल जवळचा हायड्रोजन बंध पकडणार. सुरुवातीला वर्णन केलेली पहिली तक्रार बहुतांशी इथून उगम पावते.

हे ओळखायचं कसं? टीएसच्या अंदाजी भूमितीवर ऑप्टिमायझेशन न करता फक्त एक ऊर्जा-गणना करा आणि स्पिन घनता (एकटा इलेक्ट्रॉन कुठे आहे हे दाखवणारी) चित्ररूपात पाहा. ऑक्सिजनवरच्या घनतेचे दोन फुगवटे हायड्रोजनकडे तोंड करून आहेत की आडवे? आडवे असतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही. बरोबर अवस्थेत घनता मुख्यतः ऑक्सिजनवर असते, पण काही हिस्सा हल्ला होणाऱ्या कार्बनवर उतरलेला दिसतो. कार्बनवर काहीच नसेल, तर अवस्था चुकली आहे.

दुरुस्तीचे मार्ग दोन. गॉसियन हा प्रोग्राम वापरत असाल तर स्टेबल=ऑप्ट लावून तरंगफलनाची स्थिरता तपासा; अस्थिर असेल तर प्रोग्राम स्वतःच खालच्या अवस्थेला उतरतो. मग तेच तरंगफलन वाचून टीएसचा शोध सुरू करायचा. स्थिरता तपासणीने हे सुटलं नाही, तर भरलेलं आणि एकटं अशा दोन ऑर्बिटलांची हाताने अदलाबदल करावी; गॉसियनमध्ये गेस=ऑल्टर, ऑर्का या प्रोग्राममध्ये रोटेट. एससीएफ जुळतच नसेल तर द्विघाती अभिसरण (क्वाड्रॅटिक कन्व्हर्जन्स) लावा, वेळ जास्त लागेल पण अवस्था उड्या मारणार नाही. आणि तपासणी टीएस सापडल्यावर पुन्हा एकदा करा. शोधाच्या वाटेत अवस्था बदललेली असू शकते.

आता स्पिनच्या भेसळीबद्दल, म्हणजे तरंगफलनात जास्त एकट्या इलेक्ट्रॉनांच्या अवस्था मिसळण्याबद्दल. एका एकट्या इलेक्ट्रॉनसाठी एस-स्क्वेअरची किंमत ०.७५ असायला हवी. चांगल्या फंक्शनलने टीएसवर ती ०.७६ ते ०.७८ च्या दरम्यान येते आणि तेवढं चालतं. ०.८० च्या पुढे गेली की थांबून बघा. हार्ट्री-फॉक वर आधारलेल्या पद्धतींत ही भेसळ जास्त होते. टायरोसीनपासून बनणाऱ्या फिनॉक्सिल रॅडिकलसारख्या सुगंधी रॅडिकलमध्ये तर तिथली एस-स्क्वेअर १ च्या वर जाते. अशा तरंगफलनाच्या पायावर एमपी२ ही सुधारणा-पद्धत लावली की बॅरिअर फुगतो. आउटपुटमध्ये भेसळ काढल्यानंतरची जी दुसरी किंमत छापलेली असते, ती ०.७५०० दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. ऊर्जा आणि भूमिती पहिल्या, भेसळ असलेल्याच तरंगफलनाची असते.

फंक्शनलचा दोष कुठे खरा असतो

बी३एलवायपी हे फंक्शनल अजूनही सवयीने वापरलं जातं, आणि नेमकं इथेच ते दगा देतं. त्यात हार्ट्री-फॉक विनिमयाचा वाटा २० टक्के आहे. तेवढ्याने इलेक्ट्रॉनची स्वतःशी होणारी खोटी आंतरक्रिया पुरती जात नाही, आणि एकटा इलेक्ट्रॉन गरजेपेक्षा जास्त पसरतो. हायड्रोजन काढून नेण्याचे बॅरिअर त्यामुळे खाली येतात, कधीकधी नाहीसेच होतात. टीएस सापडत नाही याचं एक साधं कारण हेही असू शकतं की त्या फंक्शनलच्या पृष्ठभागावर ती अस्तित्वातच नाही.

झ्विटरआयनच्या बाबतीत हा दोष आणखी एका रूपात दिसतो. रॅडिकल कार्बोक्झिलेटजवळ गेला की दोन ऑक्सिजनांमध्ये तीन इलेक्ट्रॉनांचा खोटा बंध तयार होतो आणि स्पिनचा मोठा हिस्सा कार्बोक्झिलेटवर गळतो. भूमितीत दोन ऑक्सिजन विनाकारण जवळ आलेले दिसतात आणि मध्ये हायड्रोजन नसतो. पाण्याचे रेणू सोबत घेतले असतील तर त्यांच्याशीही असाच खोटा बंध होतो. स्पिन घनतेचं चित्र इथेही लगेच सांगून जातं.

एम०५-२एक्समध्ये विनिमयाचा वाटा ५६ टक्के, एम०६-२एक्समध्ये ५४ टक्के. या दोन्हींनी रॅडिकल अभिक्रियांच्या वेगासाठी चांगलं नाव कमावलं आहे. ओमेगा-बी९७एक्स-डीही चालतं. मी स्वतः एम०६-२एक्सने भूमिती काढून डीएलपीएनओ-सीसीएसडी(टी) या जास्त अचूक पद्धतीने ऊर्जा पडताळतो. त्या पडताळणीत टी१ निदानाकडे, म्हणजे ती पद्धत या रेणूला लागू पडते का हे सांगणाऱ्या आकड्याकडे, लक्ष द्या. खुल्या कवचाच्या रेणूंसाठी ०.०४५ च्या आसपासची मर्यादा वापरली जाते, त्यापुढे गेलं तर एका निर्धारकावर (इलेक्ट्रॉनांच्या एकाच मांडणीवर) उभं असलेलं गणितच डळमळीत आहे.

एम०६ कुटुंबाची एक खोड माहीत असलेली बरी. ही फंक्शनल्स अंकीय ग्रिडला, म्हणजे ऊर्जा ज्या बिंदूंवर मोजली जाते त्या जाळ्याला, फार संवेदनशील आहेत. गॉसियन ०९ मध्ये मूळ ग्रिड ७५ त्रिज्य आणि ३०२ कोनीय बिंदूंचं होतं. गॉसियन १६ मध्ये ते ९९ आणि ५९० झालं. जुन्या आवृत्तीवर काम करत असाल तर अल्ट्राफाइन ग्रिड स्वतः मागा. नाहीतर २०–३० सेंमी⁻¹ ची एखादी जास्तीची काल्पनिक वारंवारता (त्या दिशेने ऊर्जा उतरते याची खूण) उगवते आणि ती काढण्यात आठवडे जातात. ज्यांच्या ऊर्जा एकमेकींशी ताडून पाहायच्या त्या सगळ्या गणनांना ग्रिड एकच हवं, हेही ओघाने आलंच.

मेथायोनीनला मात्र वरचा नियम आंधळेपणाने लावू नका. गंधकावर हायड्रॉक्सिल येऊन बसतो आणि गंधक–ऑक्सिजन तीन-इलेक्ट्रॉनी बंध होतो, तो खरा आहे. पुढे त्याच गंधकाचा नायट्रोजनशी होणारा तीन-इलेक्ट्रॉनी बंधही प्रयोगात दिसलेला आहे. तिथे असा बंध दिसला तर त्याला चूक समजून फेकायचं नाही; मोठ्या पद्धतीने त्याची ताकद पडताळायची.

आता भूमिती

रेणू बरोबर, अवस्था बरोबर, फंक्शनल बरोबर, आणि तरीही टीएस निसटते? मग कारण बहुधा असं: अभिक्रिया खूप ऊर्जा सोडणारी आहे. पाण्याचा ओ–एच बंध साधारण ११९ किलोकॅलरी प्रति मोलचा, त्यामानाने तुटणारा सी–एच बंध बराच दुबळा. हॅमंडच्या तत्त्वानुसार टीएस लवकर येते, म्हणजे ती अभिकारकांसारखी दिसते. सी–एच फक्त १.१७ ते १.२२ अँगस्ट्रॉमपर्यंत ताणलेला, आणि ऑक्सिजन ते हायड्रोजन अंतर १.३ ते १.४. सी–एच १.३ आणि ओ–एच १.२ असा मध्यावरचा अंदाज देणारे पुष्कळ असतात. तिथून शोध हमखास उत्पादिताकडे घसरतो.

स्कॅन करायचा तर सी–एच अंतराचा करू नका. लवकरच्या टीएसमध्ये ते जेमतेम हलतं. ऑक्सिजन–हायड्रोजन अंतर १.७ पासून १.१ पर्यंत ०.०५ च्या पावलांनी कमी करत न्या, बाकी सगळं मोकळं ठेवा, आणि ऊर्जेच्या माथ्याजवळचा बिंदू उचला. त्या बिंदूवर हेसियन पूर्ण काढून शोध सुरू करा. पृष्ठभाग सपाट असेल तर दर चार-पाच पावलांनी हेसियन नव्याने काढणं महाग वाटतं, पण एकूण वेळ वाचतोच.

हायड्रोजन बंधाचं आकर्षण इतकं असेल की रॅडिकल तरीही वळतो, तर हल्ल्याचा मार्ग बदलून पाहा. हायड्रॉक्सिलचा स्वतःचा हायड्रोजन कार्बोक्झिलेटकडे वळलेला, नायट्रोजनपासून दूर वळलेला, बाहेर वळलेला, अशा वेगवेगळ्या टीएस असतात आणि त्यांच्या ऊर्जेत किलोकॅलरींचा फरक पडतो. लांब बाजूसाखळीत तर हे हाताने होत नाही. आधी क्रेस्टसारख्या, रेणूच्या शक्य रचना आपोआप धुंडाळणाऱ्या साधनाने, तुटणारा आणि जुळणारा असे दोन्ही बंध जखडून ठेवून, रचना शोधाव्यात. तिथे एकट्या इलेक्ट्रॉनची संख्या १ द्यायला विसरू नका.

सापडलेल्या टीएसला काल्पनिक वारंवारता एकच हवी, आणि तिची हालचाल हायड्रोजन कार्बनकडून ऑक्सिजनकडे सरकण्याची हवी. दुसरी छोटी वारंवारता बहुधा हायड्रॉक्सिलच्या फिरण्याची किंवा एनएच३ च्या वळणाची असते. त्या दिशेने अणू थोडे ढकलून, कडक निकषांनी पुन्हा ऑप्टिमाइझ केलं की जाते. आयआरसी, म्हणजे टीएसवरून उतरणाऱ्या वाटेचा माग, दोन्ही बाजूंना चालवा. सपाट भागात ती अर्ध्यात थांबली तर घाबरू नका, शेवटच्या बिंदूपासून साधं ऑप्टिमायझेशन लावा आणि कुठे पोचता ते बघा.

बॅरिअर उणे आला, म्हणजे चुकलं का?

नाही, निदान लगेच तसं म्हणू नये. हायड्रॉक्सिल आधी हायड्रोजन बंधाने अमिनो आम्लाला बिलगतो, एक पूर्वसंकुल बनतं, आणि टीएस त्या संकुलापेक्षा वर पण सुट्या रेणूंपेक्षा खाली असू शकते. एन्थाल्पीत उणे बॅरिअर हे या अभिक्रियांचं खरं वैशिष्ट्य आहे. दोन रेणू एक होताना एन्ट्रॉपी घटते, त्यामुळे मुक्त ऊर्जेत तोच बॅरिअर धन होतो. म्हणून तुलना मुक्त ऊर्जेत, आणि सुट्या रेणूंच्या संदर्भाने करा.

मुक्त ऊर्जेतही उणे आला तर मग शोध घ्यावा लागतो. सुट्या अमिनो आम्लाची सगळ्यात खालची रचना घेतली होती का? तीच राहून गेलेली असते, हा माझा पहिला संशय. दुसरा संशय द्रावकावर. सतत माध्यमाच्या प्रारूपात कार्बोक्झिलेटभोवती पाण्याचे रेणू प्रत्यक्ष नसतात, त्यामुळे हायड्रॉक्सिलला तिथे हायड्रोजन बंध फुकटात मिळतो. खऱ्या पाण्यात त्याला आधीच बसलेल्या पाण्याला हटवावं लागतं. कार्बोक्झिलेटवर दोन-तीन पाण्याचे रेणू ठेवून टीएस आणि अभिकारक दोन्ही पुन्हा काढले की हा जादा फायदा किती होता ते कळतं.

शेवटचं अंकगणित

मेहनतीने मिळवलेली ऊर्जा इथे पाण्यात जाते, म्हणून हे सावकाश करा. प्रोग्राम मुक्त ऊर्जा १ वातावरण दाबाच्या वायूसाठी देतो. आपल्याला १ मोलर द्रावण हवं. दोन रेणूंच्या अभिक्रियेत २९८ केल्विनला बॅरिअर १.८९ किलोकॅलरीने कमी होतो. समजा ग्लायसीनसाठी तुमचा बॅरिअर १०.० आला. दुरुस्तीनंतर ८.११, वेग ७.१ × १०⁶. अल्फा कार्बनवर सारखे दोन हायड्रोजन आहेत, म्हणून दुप्पट, १.४ × १०⁷. काल्पनिक वारंवारता ९०० सेंमी⁻¹ असेल तर विग्नरचा टनेलिंग गुणक (हायड्रोजन बॅरिअर न चढता आरपार जाण्याची दुरुस्ती) साधारण १.८, आणि वेग २.५ × १०⁷. प्रयोगाच्या १.७ × १०⁷ च्या शेजारी. तोच १.८९ चा आकडा विसरलात तर उत्तर १.० × १०⁶ येतं आणि तुम्ही विनाकारण फंक्शनल बदलायला निघता.

मार्गांची संख्या आणि सममिती अंक या दोन वाटांनी एकच गोष्ट दोनदा मोजली जाऊ शकते. एकच वाट धरा. विग्नरचा गुणक छोट्या टनेलिंगपुरता ठीक, वारंवारता १५०० च्या पुढे गेली तर एकार्टची टनेलिंग दुरुस्ती वापरा. १०० सेंमी⁻¹ च्या खालच्या कंपनांना साध्या दोलकासारखं धरलं की एन्ट्रॉपी भलतीच फुगते. त्या वारंवारता १०० वर आणून किंवा ग्रिमेच्या २०१२ च्या पद्धतीने दुरुस्त करा. सुट्या हायड्रॉक्सिलची स्पिन-कक्षा जोडणीमुळे खाली येणारी ऊर्जा ०.२ किलोकॅलरी आहे, छोटी पण माहीत असलेली. द्रावणातल्या एन्ट्रॉपीसाठी बॅरिअरमधून २.५४ किलोकॅलरी वजा करण्याची एक रूढ दुरुस्ती आहे. ती वापरायची की नाही हे गणना सुरू करण्याआधी ठरवा आणि सगळ्या अमिनो आम्लांना सारखंच लावा; प्रयोगाशी जुळवण्यासाठी ती शेवटी काढणं मला मान्य नाही.

वेगवान अभिक्रियांत विसरण मिसळावं लागतं. विसरणाचा वेग ८ × १०⁹ धरला, तर ल्युसीनचा मोजलेला १.७ × १०⁹ म्हणजे मूळ रासायनिक वेग २.२ × १०⁹ होतो. तुलना त्याच्याशी करायची. ग्लायसीनला याने काही फरक पडत नाही.

एवढं सगळं करूनही उत्तर दहापटीने हलत असेल, तर लक्षात घ्या की दहापट म्हणजे फक्त १.४ किलोकॅलरी, आणि या पद्धतींची अचूकता साधारण तेवढीच आहे. अशा वेळी मी एकेका आकड्याचा नाद सोडून गुणोत्तर पाहतो. ॲलॅनीन ग्लायसीनपेक्षा साडेचारपट वेगवान आहे, म्हणजे बॅरिअरमधला फरक ०.९ किलोकॅलरी. दोन्ही एकाच फंक्शनलने, एकाच द्रावकात, एकाच ग्रिडवर काढा, ॲलॅनीनच्या मिथिल गटावरचे तीन हायड्रोजनही मोजणीत घ्या. फरक ०.५ ते १.३ च्या मध्ये आला तर तुमचं प्रारूप पुढच्या अमिनो आम्लावर न्यायला योग्य आहे. चिन्हच उलटं आलं, ॲलॅनीन मंद निघालं, तर परत स्पिन घनतेच्या चित्रापासून सुरुवात करा, आणि मदत मागायला येताना ते चित्र, एस-स्क्वेअर, शेवटच्या भूमितीतले प्रोटॉन आणि प्रमाण अवस्था (१ वातावरण की १ मोलर) एवढं सोबत आणा.